सॉलिड-स्टेट बॅटरी: प्रयोगशाळेतली चकती आणि कारखान्यातला थर

प्रश्न असा आला आहे: दर काही महिन्यांनी कुठल्या तरी विद्यापीठाची बातमी येते की त्यांचा सॉलिड-स्टेट सेल हजार सायकल (चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या) चालला, काही मिनिटांत चार्ज झाला. मग ही बॅटरी अजून आपल्या गाडीत का नाही? विचारणारा मटेरियल्स सायन्सचा विद्यार्थी आहे, त्यामुळे त्याला पुढचंही जाणून घ्यायचंय: भारतात राहून या क्षेत्रात काम करायचं तर कशावर करावं?

मी सेल बनवण्याच्या प्रक्रियेत काम करतो. स्लरी (पावडर आणि द्रावकाचा लगदा), कोटिंग, प्रेस, असेंब्ली हे माझं रोजचं जग, म्हणून उत्तरही त्याच बाजूने देतो. आजच्या बॅटरीत अॅनोड आणि कॅथोड या दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये आयन वाहून नेणारा द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, असतो; सॉलिड-स्टेटमध्ये त्याच्या जागी घन पदार्थ असतो. आयन वाहून नेणारा चांगला घन पदार्थ सापडत नाही, ही अडचण आता उरलेली नाही. अडचण आहे ती त्या पदार्थाचा वीस-तीस मायक्रॉन जाडीचा, एकही छिद्र नसलेला थर किलोमीटरच्या हिशेबाने काढण्याची, आणि तो शेजारच्या थरांना वर्षानुवर्षं चिकटून राहील हे बघण्याची. वेळ लागतोय तो इथे.

आधी एक गोष्ट नोंदवतो. घन इलेक्ट्रोलाइटची बॅटरी बाजारात आलीच नाही, असं नाही. पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ या काळात ऑटोलिब नावाची भाड्याच्या विजेच्या गाड्यांची सेवा चालली. बोलोरे समूहाच्या त्या गाड्यांत लिथियम धातूचा अॅनोड आणि पॉलिमरचा घन इलेक्ट्रोलाइट होता. पण पॉलिमरमधून आयन नीट वाहायला ६० ते ८० अंश तापमान लागतं, त्यामुळे उभ्या गाडीची बॅटरीसुद्धा गरम ठेवावी लागायची. त्याच कुळातल्या बॅटऱ्या पुढे बसमध्ये गेल्या. एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये अशा दोन बसना आग लागल्यावर १४९ बस रस्त्यावरून काढून घेतल्या गेल्या. ‘घन म्हणजे सुरक्षित’ हे समीकरण इतकं सरळ नाही. लिथियम १८०.५ अंशांना वितळतं, निकेलचा कॅथोड तापला की ऑक्सिजन सोडतो, आणि सल्फाइडची (गंधकयुक्त घन इलेक्ट्रोलाइटची) त्या ऑक्सिजनशी गाठ पडली की उष्णता निघते. ज्वालाग्राही द्रव काढून टाकल्याने धोका कमी होतो हे खरं, पण तो किती कमी झाला हे प्रत्येक रचनेसाठी वेगळं सिद्ध करावं लागतं.

आता वाहकतेबद्दल. आजच्या लिथियम-आयन सेलमधल्या द्रवाची वाहकता दर सेंटीमीटरला सुमारे १० मिलिसीमेन्स असते. २०११ साली जपानमध्ये र्‍योजी कान्नो यांच्या गटाने लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधक यांचं संयुग दाखवलं, त्याची वाहकता साध्या तापमानाला १२ होती. २०१६ मध्ये त्याच घराण्यातला २५ चा पदार्थ आला. त्याआधी २००७ साली रामस्वामी मुरुगन, वेंकटरमण थंगदुराई आणि वेर्नर वेप्नर यांनी लिथियम-लँथनम-झिर्कोनियमचा गार्नेट, म्हणजे एक सिरॅमिक ऑक्साइड, दाखवला. त्याची वाहकता कमी असली तरी तो लिथियम धातूशेजारी बराच स्थिर राहतो. म्हणजे द्रवाच्या तोडीचा घन पदार्थ हाती येऊन दशकाहून जास्त काळ लोटला.

याच्या उलट बाजूचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत जॉन बेट्स आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लायपॉन हा काचेसारखा इलेक्ट्रोलाइट तयार केला. त्याची वाहकता द्रवाच्या दहा हजार भागांपैकी दोन-तीन भागांइतकीच. तरीही लायपॉनचे पातळ सेल लिथियम धातूबरोबर १०,००० सायकल चाललेले आहेत. कारण तो थर निर्वात कक्षात अणू-अणू बसवून बनतो, जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाडीचा असतो आणि त्यात भेग, छिद्र, कणांमधली सीमा असं काही नसतं. इतक्या कमी वाहकतेतही थर निर्दोष असला की बॅटरी टिकते. फक्त या पद्धतीने गाडीची बॅटरी बनवणं खर्चात बसत नाही, म्हणून लायपॉन छोट्या सेन्सर-चिपांपुरता राहिला.

तर मग बातमीतला तो हजार सायकलींचा सेल कसा असतो? बहुतेक वेळा असा: ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत), आर्गॉन वायूत, १० मिलिमीटर व्यासाच्या डायमध्ये शंभरेक मिलिग्रॅम सल्फाइडची पावडर ओतायची आणि तीन-चारशे मेगापास्कल दाबाने ठोकून चकती करायची. तिची जाडी भरते साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर. एका बाजूला कॅथोडची पावडर, दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा लिथियमऐवजी लिथियम-इंडियम या मिश्रधातूचा तुकडा लावायचा. सगळं पोलादी चौकटीत नटबोल्टांनी आवळायचं आणि ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू चार्ज-डिस्चार्ज करायचं. पदार्थाचा अभ्यास म्हणून यात काहीही गैर नाही, मीही नवीन पावडर आली की आधी हेच करतो. पण हे पेढा थापण्यासारखं आहे आणि कारखान्याला हवा आहे पापड, तोही अखंड गुंडाळीत.

हिशेब करून बघा. गाडीच्या सेलमध्ये चौरस सेंटीमीटरला ५ मिलिअँपिअर-तास साठवायचे तर निकेलयुक्त कॅथोडची पावडर लागते सुमारे २५ मिलिग्रॅम. गार्नेटची घनता ५.१. त्याचा एक मिलिमीटरचा थर घेतला तर त्याच चौरस सेंटीमीटरवर ५१० मिलिग्रॅम वजन नुसत्या इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे कॅथोडच्या वीसपट. वजनामागे साठणारी ऊर्जा तिथेच संपली. तोच थर २० मायक्रॉनवर आणला तर वजन १० मिलिग्रॅम होतं आणि गणित जमायला लागतं. त्यामुळे लेखात किंवा बातमीत सायकलींचा आकडा दिसला की मी आधी इलेक्ट्रोलाइटची जाडी शोधतो, मग सेलचं क्षेत्रफळ, मग दाब, तापमान आणि करंट. हे पाचही आकडे एकत्र दिलेले नसतील तर सायकलींच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

आता लिथियम धातू, कारण सगळा खटाटोप मुळात त्याच्यासाठी आहे. ग्रॅफाइटची क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास, लिथियमची ३,८६०. ही ओढ जुनी आहे. १९८० च्या दशकात कॅनडातल्या मोली एनर्जीने द्रव इलेक्ट्रोलाइटसह लिथियम धातूचे सेल विकले होते. १९८९ मध्ये जपानमधल्या फोनमध्ये आगीचे प्रकार झाले आणि माल परत घ्यावा लागला. दोन वर्षांनी सोनीने कार्बनच्या अॅनोडचा लिथियम-आयन सेल आणला आणि जग त्या वाटेने गेलं.

घन इलेक्ट्रोलाइट इतका कडक असतो की लिथियमचे काटे (चार्ज होताना वाढणारे, सेल शॉर्ट करणारे बारीक कोंब) त्यातून घुसणारच नाहीत, असं पुढे बरीच वर्षं मानलं गेलं. २००५ मध्ये मन्रो आणि न्यूमन यांनी गणित मांडलं होतं की इलेक्ट्रोलाइटचा कडकपणा लिथियमच्या दुपटीच्या आसपास असला की काटे दबून राहतील. गार्नेट तर लिथियमपेक्षा दहापटीहून जास्त कडक. प्रत्यक्षात निकामी झालेला गार्नेटचा सेल ग्लोव्हबॉक्समध्ये उघडा: पांढुरक्या चकतीत एका बाजूकडून दुसरीकडे गेलेली काळी रेषा किंवा काळे ठिपके दिसतात. ते लिथियमच आहे. ते कडक पदार्थाला ढकलत जात नाही, पृष्ठभागावर आधीच असलेल्या सूक्ष्म भेगेत शिरतं आणि पाचरीसारखं तिला पुढे फाडत नेतं. ऑक्सफर्डमध्ये पीटर ब्रूस यांच्या गटाने २०१९ मध्ये आणखी एक बाजू स्पष्ट केली. डिस्चार्ज होताना लिथियम निघून जातं आणि सांध्यापाशी पोकळ्या उरतात. त्या वेळेत भरून आल्या नाहीत तर संपर्काची जागा कमी होत जाते, आणि पुढच्या चार्जला सगळा करंट उरलेल्या ठिपक्यांमधून घुसतो. काटा उगवतो तो तिथे. म्हणजे चार्जिंगमध्ये दिसणाऱ्या बिघाडाचं बीज डिस्चार्जमध्ये पडलेलं असतं.

पोकळ्या भरायचा सोपा उपाय म्हणजे दाब. लिथियम मऊ आहे, दाबलं की सरकतं. प्रयोगशाळेत म्हणूनच दाब सढळ हाताने वापरला जातो. पण १० बाय २० सेंटीमीटरचा पाऊच सेल घ्या आणि त्यावर फक्त ५ मेगापास्कल दाब ठेवायचा म्हणा. क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे सुमारे १० टन भार. हा भार पेलणाऱ्या पोलादी पाट्या गाडीत बसवल्या तर सेलने वाचवलेलं वजन पाट्यांनीच खाल्लं. गाडीवाल्यांना १ मेगापास्कलच्या आसपास किंवा त्याहून कमी हवं असतं, आणि तिथे आजही बहुतेक रचना धापा टाकतात. त्यात सेल श्वास घेतो: ५ मिलिअँपिअर-तासांना २४ मायक्रॉन जाडीचं लिथियम जमा होतं आणि परत जातं. एका थराला २४ मायक्रॉन, तीस थरांना पाऊण मिलिमीटरच्या आसपास. मर्सिडीजने फॅक्टोरियल कंपनीच्या सेलवर चालवलेली ईक्यूएस गाडी २०२५ मध्ये श्टुटगार्टहून स्वीडनमधल्या माल्मोपर्यंत एका चार्जमध्ये १,२०५ किलोमीटर गेली. त्या पॅकमध्ये सेलची ही फुगवण सांभाळायला हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवलेली होती. अंतराचा आकडा सगळ्यांनी छापला. माझ्या दृष्टीने खरी बातमी ती यंत्रणा होती, कारण तिचं वजन, किंमत आणि दहा वर्षांचं आयुष्य यांवर पुढचं बरंच काही ठरणार आहे.

सॅमसंगने २०२० मध्ये वेगळी वाट दाखवली: लिथियमचा पत्रा आधी ठेवायचाच नाही, चांदी आणि कार्बनचा अगदी पातळ थर ठेवायचा आणि कॅथोडमधून आलेलं लिथियम त्याखाली सारखं पसरू द्यायचं. ०.६ अँपिअर-तासाचा पाऊच सेल, हजारावर सायकली, पण चाचणी ६० अंशांना. या पद्धतीत जास्तीचं लिथियम शिल्लकच नसल्याने दर फेरीला वाया जाणारा अंश जिवावर बेततो. दर सायकलला ९९.९ टक्के परत मिळालं तरी हजार सायकलींनंतर ३७ टक्के उरतं. ८० टक्के उरायला हवं असेल तर दर वेळी ९९.९८ टक्के परत यावं लागतं. मोजमापाच्या यंत्राची चूकसुद्धा कधी कधी याहून मोठी असते.

सल्फाइडकडे येतो, कारण टोयोटा, सॅमसंग, निस्सान या मोठ्या कंपन्यांचा भर त्यावर आहे. तो मऊ असतो, नुसत्या दाबाने कण एकमेकांना बिलगतात, गार्नेटसारखं हजार-बाराशे अंशांना भाजावं लागत नाही. हा फार मोठा फायदा. पण हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, जो विषारी आहे, आणि वाहकताही घसरते. म्हणून ड्राय रूम, म्हणजे हवा कोरडी ठेवलेली खोली. पुण्यात जुलैमध्ये ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर घनमीटर हवेत २४ ग्रॅम पाणी असतं. दवबिंदू उणे ४० वर आणायचा तर ते एक दशांश ग्रॅमच्या आसपास आणावं लागतं, आणि उणे ६० ला आठेक मिलिग्रॅमवर. विजेचं बिल इथे वाढतं. खोलीत काम करणारी माणसं हाच ओलाव्याचा मोठा स्रोत असतो, त्यामुळे पाळीत किती जण आत असतील यावरसुद्धा दवबिंदू हलतो.

पुढचा पेच द्रावकाचा. नेहमीच्या कॅथोड स्लरीत एनएमपी वापरतात. ते सल्फाइडशी अभिक्रिया करून त्याची वाट लावतं. म्हणून झायलीन, टोल्युइनसारखे कमी ध्रुवीय द्रावक घ्यावे लागतात, आणि मग त्यांत विरघळणारा बाइंडर (कण एकत्र चिकटवून ठेवणारा पदार्थ) शोधावा लागतो, बहुतेक वेळा रबराच्या जातीचा. बाइंडर जास्त झाला की तो कणांमध्ये बसून आयनांची वाट अडवतो, कमी झाला की पट्टी गुंडाळताना तडकते. कोटिंगची पट्टी ओव्हनमधून बाहेर येताना दिव्यासमोर धरली की कडेला बारीक भेगा दिसतात, मध्ये कुठे सुईच्या टोकाएवढा उजेड दिसतो. तो बुडबुडा फुटल्याचं चिन्ह. ३० मायक्रॉनच्या थरात २५ मायक्रॉनची एक गुठळी राहिली तर ती जागा मेलीच. आजच्या लिथियम-आयनच्या लाइनवर इलेक्ट्रोडची पट्टी मिनिटाला पन्नास मीटर आणि त्याहून वेगाने धावते, आणि बारीकसारीक दोष द्रव इलेक्ट्रोलाइट भरून काढतो, कारण तो प्रत्येक फटीत शिरतो. घन पदार्थ तशी माफी देत नाही. माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म हे आहे.

यातून यील्डचा, म्हणजे किती टक्के सेल चांगले निघतात याचा, प्रश्न येतो. सेलमध्ये ३० थर आहेत आणि प्रत्येक थर चांगला असण्याची शक्यता ९९ टक्के आहे असं धरा. सगळे ३० चांगले असण्याची शक्यता ७४ टक्के. म्हणजे चारातला एक सेल भंगारात, आणि त्या भंगारात महागडं लिथियम सल्फाइड. शक्यता ९९.९ वर नेली तर ९७ टक्के सेल वाचतात. प्रयोगशाळेत चारपैकी तीन सेल चालले तर छान लेख होतो. कारखान्यात त्याच आकड्यावर दिवाळं निघतं.

शेवटी दाबून घट्ट करण्याची पायरी. कणांमधल्या पोकळ्या घालवायला सेल पिशवीत बंद करून कोमट द्रवात, शेकडो मेगापास्कल दाबाखाली ठेवतात. निकाल उत्तम येतो, पण एक घाणा भरायचा, दाब चढवायचा, थांबायचं, उतरवायचं, असं हे काम. सलग चालणाऱ्या लाइनमध्ये सगळं तिथे तुंबतं. रोलरमधून दाबणं वेगवान, पण तिथे कडा सरकतात आणि थर एकमेकांवरून घसरतात. सिरॅमिकवाल्यांची अडचण भट्टीची. क्वांटमस्केपने भाजण्याची नवी पद्धत आणली, ती आधीच्या पद्धतीपेक्षा सुमारे २५ पट वेगवान असल्याचं कंपनी सांगते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात त्यांच्या सेलवर चालणारी डुकाटीची मोटरसायकल दाखवली गेली. कंपनीची स्थापना २०१० ची आहे, त्यावरून लागणाऱ्या काळाचा अंदाज यावा.

इतर ठिकाणची स्थितीही साधारण अशीच. टोयोटाने २०२० मध्ये प्रायोगिक गाडी रस्त्यावर आणली, २०२३ मध्ये इदेमित्सु या तेलकंपनीशी करार करून २०२७-२८ हे लक्ष्य जाहीर केलं. तेलकंपनी यात का, तर शुद्धीकरणात निघणारं गंधक हा लिथियम सल्फाइडचा कच्चा माल. होंडाने तोचिगी प्रांतात प्रात्यक्षिक लाइन उभारली, निस्सानने योकोहामात. हे सगळं पायलट पातळीवरचं काम आहे. त्यानंतर वाहन उद्योगाची ए, बी, सी नमुन्यांची शिडी असते. सी नमुना म्हणजे खऱ्या उत्पादनाच्या यंत्रांवर बनलेला सेल. तिथून गाडीपर्यंत चाचण्यांची वर्षं जातात, ती पैसा ओतून फारशी कमी करता येत नाहीत.

दरम्यान स्पर्धक थांबलेला नाही. २०१० च्या सुमारास किलोवॅट-तासाला हजार डॉलरहून महाग असलेला लिथियम-आयन पॅक २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आला. लोह-फॉस्फेट कॅथोडचा पॅक त्याहून स्वस्त. त्यामुळे सॉलिड-स्टेट आधी येईल ती जिथे किंमत दुय्यम आहे तिथे: यंत्रांतले सेन्सर, शरीरावर घालायची उपकरणं, अंतराळ. २०२२ मध्ये जपानच्या अंतराळ संस्थेने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असे सेल चालवून पाहिले, कारण तिथे तापमानाची टोकं द्रवाला झेपत नाहीत. मग महागड्या गाड्या. मधल्या काळात थोडा द्रव ठेवलेले सेल जास्त दिसतील. चीनमधल्या निओच्या १५० किलोवॅट-तासांच्या पॅकवर डिसेंबर २०२३ मध्ये एक गाडी एका चार्जमध्ये १,०४४ किलोमीटर गेली, ती याच प्रकारची. मला ही तडजोड योग्य वाटते. कॅथोडच्या सांध्यात थोडा द्रव असला की दाबाचा प्रश्न बराच हलका होतो. आपल्याकडच्या शंभर सीसीच्या पेट्रोल गाडीच्या तोडीच्या विजेच्या स्कूटरमध्ये पूर्ण घन सेल या दशकात येईल, असं मला वाटत नाही.

आता भारतात काय करावं. २०२१ च्या केंद्राच्या १८,१०० कोटींच्या योजनेचं लक्ष्य ५० गिगावॅट-तासांचं होतं, आणि ते आजच्याच सेलचे कारखाने उभारण्यासाठी. सॉलिड-स्टेटचा मोठा कारखाना हे विद्यार्थ्याचं काम नाही, पण त्याच्या आधीच्या कड्या मोकळ्या पडल्या आहेत. शुद्ध लिथियम सल्फाइड स्वस्तात बनवणं हा रसायन उद्योगाचा प्रश्न आहे, आणि तो उद्योग आपल्याकडे वापी-अंकलेश्वरपासून लोटे-महाडपर्यंत पसरलेला आहे. कॅथोडच्या कणांवर दहाएक नॅनोमीटरचं संरक्षक कवच चढवावं लागतं, नाहीतर सल्फाइड सांध्यापाशी कुजतो. त्यासाठी आज बहुतेक जण महागडं नायोबियम वापरतात, पर्याय शोधायला भरपूर जागा आहे. आणि चाचणी: २०२२ मधल्या स्कूटरच्या आगींनंतर आपले बॅटरी नियम कडक झाले, पुण्यातली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था त्यांनुसार चाचण्या करते. सल्फाइडचा सेल फुटला तर हायड्रोजन सल्फाइड किती आणि किती वेळात बाहेर पडतो, हे मोजण्याची पद्धत आत्तापासून बसवायला हवी.

मला विचाराल तर प्रबंधासाठी मी नवा इलेक्ट्रोलाइट शोधायचा विषय घेणार नाही. उपलब्ध आर्जिरोडाइट (सल्फाइड इलेक्ट्रोलाइटचाच एक प्रकार) विकत घ्यावं, दोन-तीन बाइंडर आणि दोन-तीन द्रावक घ्यावेत, आणि स्लरी किती घट्ट, किती वेगात कोट केली, किती वेगात वाळवली की ३० मायक्रॉनची पट्टी भेगेशिवाय निघते याचा नकाशा काढावा. ग्लोव्हबॉक्स, छोटा डॉक्टर ब्लेड कोटर (पात्याने स्लरीचा सारखा थर ओढणारं यंत्र), चांगला सूक्ष्मदर्शक आणि इम्पीडन्सचं (विजेचा रोध मोजणारं) यंत्र एवढ्यावर हे होतं. प्रत्येक पट्टीतल्या छिद्रांची संख्या मोजून लिहा, खराब निघालेल्या पट्ट्यांची तर नक्की लिहा. अशी माहिती छापून फार कमी येते, आणि पायलट लाइनवर बसलेला माणूस पहिली तीच शोधतो.